फ्लाय रॉडसाठी डुबकी मारणारे, वळवळणारे ल्यूर घरी बनवणे (फोम, भेंड, बाटलीचं प्लास्टिक)

खाजणकाठ

नमस्कार मंडळी. खाडीत फ्लाय रॉड (जड लाइनच्या जोरावर हलकं आमिष फेकायची काठी) घेऊन जिताड्याच्या मागे लागणारे आपल्याकडे मोजकेच, त्यामुळे यासाठी वेगळा धागा काढावा का असा विचार करत होतो, पण बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून हेच विचारलं म्हणून सगळं इथेच लिहून टाकतो, पुढच्याला शोधायला सोपं.

अडचण सगळ्यांना माहितीये. आपण क्लाउजर, डिसीव्हर असल्या फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेली हलकी आमिषं) टाकतो, त्या ओढल्या की सरळ येतात, थांबलं की खाली बसतात. शेजारी साध्या रीळाच्या काठीचा स्पिनिंगवाला लिप (तोंडाखाली तिरकी बसवलेली पट्टी) असलेला ल्यूर (माशासारखं नकली आमिष) टाकतो तो डोकं खाली घालून कंबर हलवत येतो आणि गढूळ पाण्यातसुद्धा जिताड्याला त्याची थरथर जाणवते. मग तोच ल्यूर फ्लाय रॉडला का नाही लावायचा? कारण वजन. ८ वेटच्या (लाइनच्या जडपणाचा नंबर) लाइनचे पहिले ३० फूट २१० ग्रेनचे असतात, म्हणजे जेमतेम साडेतेरा ग्रॅम. फ्लाय कास्टिंगमध्ये लाइन फ्लायला ओढून नेते, आणि दुकानातला १५-२० ग्रॅमचा ल्यूर लाइनपेक्षाच जड, तो फेकताच येत नाही आणि डोक्यात बसला तर वेगळंच. त्यामुळे आपल्याला हवा दोन-तीन ग्रॅमचा, ओला झाला तरी जड न होणारा.

आता माझं मुख्य म्हणणं, बाकी सगळं यातूनच निघतं: फ्लाय रॉडचा ल्यूर ओढायला सुरुवात केल्यावर पहिल्या वितीतच हलायला लागला पाहिजे. रीळवाला सलग गुंडाळत असतो, त्याचा ल्यूर दोन हात गेल्यावर हलायला लागला तरी चालतं. आपण लाइन हाताने ओढतो, थांबतो, परत ओढतो. एक ओढ हात-दीड हाताची. त्यातला अर्धा भाग जर ल्यूर जागा होण्यात गेला तर मासा काय बघणार? म्हणून अंग हलकं, वजन कमीत कमी, लिप छोटी पण बरोबर कोनात, आणि शेपटीला पिसांचा झुबका नको.

साहित्य घरचंच. अंगासाठी ईव्हीए फोम, जुन्या स्लिपरचा तळ किंवा लहान मुलांच्या त्या जोडायच्या रंगीत चटया असतात ना त्या. साधारण ५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद पट्टी नव्या ब्लेडने कापायची, शेपटीकडे निमुळती करायची आणि बारीक पॉलिश पेपरने गोल करायची. पोटाच्या बाजूने गळाची दांडी बसेल एवढीच चीर द्यायची, आरपार नाही. गळ लांब दांडीचा, १/० किंवा २ नंबर. दांडीवर आधी दोरा गच्च गुंडाळायचा, नुसत्या गुळगुळीत दांडीवर फोम कितीही चिकटवला तरी फिरतो. मग दोऱ्यावर फेविक्विक, चिरेत दाबायचं आणि पाच मिनिटं कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून ठेवायचं.

लिप सॉफ्ट ड्रिंकच्या बाटलीची, मधला भाग नको तो फारच पातळ असतो, गळ्याजवळचा जाड भाग घ्यायचा. चमच्याच्या आकारात कापायची, पुढे गोल आणि मागे अरुंद जीभ. ती जीभ गळाच्या डोळ्याच्या (लाइन बांधायचं भोक) मागे दांडीच्या खालच्या अंगाला ठेवून दोऱ्याने बांधायची, उरलेलं टोक मागे दुमडून परत बांधायचं आणि वर अरल्डाइट. दुमडलं नाही तर पहिल्याच माशाला लिप उपटून हातात येते. लिपचा कोन दांडीपासून खाली ४५ अंशांच्या आसपास, रुंदी अंगाच्या रुंदीएवढी किंवा केसभर जास्त. लाइन गळाच्या डोळ्यालाच बांधायची, लिपला भोक पाडून नाही.

तुम्ही कोण काय वापरता, लिहा.

मुळाकाठ

खाजणकाठ दादा मस्त लिहिलंय. मी नवीन आहे, टायिंग वाइस (फ्लाय बांधताना गळ धरायचा शिकंजा) गेल्या वर्षी घेतला. मला एक कळत नाही, लिपमुळे तो खाली जातो हे समजलं पण डावी-उजवीकडे हलतो कशामुळे? आणि माझा केला तो हलत नाही, गोल गोल फिरतो, लीडरचा (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा) पार पीळ पडतो.

खाजणकाठ

@मुळाकाठ, लिपवर पाणी समोरून आदळतं आणि ती तिरकी असल्यामुळे डोकं खाली ढकलतं, हे झालं डुबणं. आता ते पाणी लिपच्या दोन्ही कडांवरून सुटताना एकदम दोन्हीकडून नाही सुटत, आळीपाळीने सुटतं, एकदा डावीकडे भोवरा एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक भोवरा तोंडाला आपल्या बाजूला खेचतो. आता तोंड एका बाजूला गेलं की त्याला परत सरळ आणणारं काहीतरी पाहिजे. ते काम वरचा फोम आणि खालचं वजन मिळून करतात, फोम वर ओढतो, गळाचा वाक खाली. हे दोन जितके एकमेकांपासून लांब तितका तो लवकर सावरतो.

गोल फिरतो याचा अर्थ लिपचा जोर सावरणाऱ्या जोरापेक्षा जास्त आहे. दोनच उपाय, लिप कातरून लहान कर नाहीतर पोटाला किंचित वजन दे. आधी लिपच कातर, प्रत्येक वेळी नखाच्या कडेएवढी आणि दोन्ही बाजूंनी सारखी. वजन वाढवलं की पहिल्या वितीत हलणं गेलं.

तंगूस_मालवण

वा, विषय बरो काढलास. आमच्याकडे कर्लीच्या आणि कालावलच्या खाडीत गरवणाऱ्यांका तांबोशी म्हणजे काय ता म्हायत असा, ती लागली की सरळ तिवरांच्या मुळांत घुसते, पाच सेकंदात तंगूस (नायलॉनचा दोरा) तुटलोच. माझं सांगणं वजनाबद्दल आहे. जाळ्याचं शिसं आमच्याकडे घरात पडलेलं असतं, ते हातोडीने ठोकून पत्र्यासारखं पातळ करायचं, त्याची दोन-तीन मिमीची पट्टी कापून गळाच्या दांडीवर वाकाच्या जरा पुढे गुंडाळायची, फोम लावायच्या आधी. तोंडाजवळ अजिबात नको, तोंड जड झालं की तो थांबल्यावर नाकावर खाली जातो, वर येत नाही, आणि वर येणंच तर सगळ्यात महत्त्वाचं. तांबोशी आणि जिताडा दोघंही बहुतेक वेळा ल्यूर थांबून वर यायला लागला की मारतात. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, लहान मुलं जवळ असतील तर शिसं नकोच, पितळेचा छोटा मणी दांडीत ओवून भागतं.

आणि पोरांनो, मुळांच्या जंगलात लिपचा एक फायदा लिहायचा राहिला. लिप पुढे असते ती आधी मुळाला लागते, ल्यूर कलतो आणि गळ बाजूने निघून जातो. साध्या फ्लायपेक्षा कमी अडकतो.

सुईदोरा_ठाणे

मी माशांपेक्षा टायिंगसाठीच इथे असते त्यामुळे साहित्याबद्दल सांगते. फोमऐवजी भेंड वापरून बघा. मुंडावळ्या, बाशिंगं, गौरीची फुलं ज्याची करतात तेच भेंड, लग्नाचं सामान विकणाऱ्या जुन्या दुकानात कांड्या मागितल्या तर मिळतात. फोमपेक्षाही हलकं, ब्लेडने लोण्यासारखं कापलं जातं आणि हवा तो गोलवा येतो, फोमला ब्लेडच्या पायऱ्या राहतात तशा याला राहत नाहीत. कापताना ब्लेड खालीवर न करता एका दिशेने ओढत न्यायचं, दाबलं की भेंड चेपतं आणि चेपलेलं परत फुगत नाही.

मोठा दोष म्हणजे ते पाणी पितं, त्यामुळे सील करणं महत्त्वाचं. पहिला हात पातळ अरल्डाइटचा, केस वाळवायच्या मशीनने जरा गरम केलं की अरल्डाइट पातळ होतं आणि आत मुरतं. ते सुकेपर्यंत ल्यूर हळूहळू फिरवत राहायचा नाहीतर सगळं एका बाजूला ओघळतं आणि मग तो ल्यूर जन्मभर तिरका पोहतो. दुसऱ्या दिवशी रंग, वर नेलपॉलिशचे दोन हात. नेलपॉलिश भेंडावर चालतं, थर्माकोलवर मात्र अजिबात नाही, त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो.

डोळे चिकटवायचे ते लिपच्या अगदी जवळ आणि जरा मोठे लावा.

लेकाकाठी_मिनेसोटा

इकडे स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी या प्रकारच्या फ्लाय बरीच वर्षं चालतात. सगळ्यात प्रसिद्ध डालबर्ग डायव्हर, लॅरी डालबर्ग यांचा. त्याला प्लास्टिकची लिप नसते, हरणाचे केस गच्च भरून ते कातरून तोंड निमुळतं करतात आणि मागे केसांचीच उभी कॉलर ठेवतात. ओढलं की बुडतो, बुडताना हवेचे बुडबुडे सोडतो, थांबला की वर येतो. बुडणं सुंदर पण लिपवाल्यासारखी सततची वळवळ त्यात नाही. वळवळीसाठी इकडे विगल मिनो नावाची फोमची फ्लाय वापरतात, तिचं तोंडच तिरकं कापलेलं असतं, वेगळी लिप लावायचीच नाही. न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी तर केसांवर सिलिकॉन थापून मऊ लिप करायची पद्धत काढली, समुद्राच्या माशांसाठी.

तुमच्याकडे हरणाचे केस वापरायचा प्रश्नच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणं संरक्षित आहेत, कोणी जुनं कातडं देतो म्हणाला तरी हात लावू नका. फोमचं तिरकं तोंड करून बघा असं सुचवेन, लिप तुटायची भीतीच राहत नाही.

खाजणकाठ

@लेकाकाठी, बरोबर, तिरक्या तोंडाचे मी पण करतो. नवीन लोकांसाठी लिहितो, तोंड कापताना खालची कड पुढे आणि वरची मागे राहिली पाहिजे, म्हणजे बाजूने बघितलं तर खालचा जबडा पुढे आलेला दिसेल. तेच मुंडकं उलटं बसवलं तर तो डुबणार नाही, वरच्या वर पाणी उडवत येईल. त्या तिरक्या कापाला मधोमध थोडा खोलगट केला तर वळवळ वाढते, मी जाड खिळा गरम करून त्याच्या डोक्याने फोमला हलकेच टेकवतो, फोम वितळून वाटी तयार होते. हे गॅलरीत उघड्यावर करा, धूर वाईट असतो.

पण एक फरक जाणवतो, तिरक्या तोंडाचा फूटभर खाली जातो, लिपवाला जास्त खोल. लिप जितकी लांब आणि आडवी तितका खोल आणि वळवळ बारीक, लिप जितकी उभी तितका उथळ आणि वळवळ मोठी. ओहोटीला खाजणातलं पाणी उघडीतून (बांधातली पाणी सोडायची वाट) खाडीत पडतं तिथे मासे वरच असतात, तिथे मी तिरक्या तोंडाचाच लावतो.

निव्वळ_फ्लाय

सगळं वाचलं. मेहनत चांगली आहे पण माझं स्पष्ट मत, प्लास्टिकची लिप लावली की ती फ्लाय राहत नाही. आयजीएफएच्या (मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणारी संस्था) नियमात सरळ म्हटलंय की एखादा ल्यूर फ्लाय रॉडने फेकता येतो एवढ्यावरून तो फ्लाय ठरत नाही. फ्लायमध्ये जीव आणायचं काम पिसांचं, केसांचं आणि फेकणाऱ्याच्या हाताचं. ते लिपवर सोपवलं तर मग स्पिनिंग रॉडच का नको?

तंगूस_मालवण

रेकॉर्डचा मासा नोंदवायचा असेल तर तुमचं बरोबर, तिथे नियम पाळायचाच. पण आमच्या खाडीत कोण रेकॉर्ड नोंदवतो? लिप नसलेली फ्लाय गढूळ पाण्यात माशाला दिसतच नाही तर हात कितीही चांगला असून काय उपयोग. आणि ल्यूर माणसं घरी बसून कोरतच आलीयेत. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये पहिला ल्यूर बुचातून (कॉर्क) चाकूने कोरला, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला, आज जगभर त्या नावाचे ल्यूर विकतात. आपण चपलेच्या फोमचा करतो तो त्याच रांगेतला.

निव्वळ_फ्लाय

काका, घरी करण्याला विरोध नाहीच, मी पण सगळं घरीच बांधतो. रेकॉर्ड बाजूला ठेवू. माझा मुद्दा हा की सुरुवात करणाऱ्याने आधी साधी फ्लाय हलवायला शिकावं. हाताची ओढ आणि थांबा जमला नाही तर लिपवाला पण धड चालत नाही, हे तर खाजणकाठ यांनीच वर लिहिलंय.

खाजणकाठ

हे मात्र शंभर टक्के मान्य.

मुळाकाठ

लिप कातरली, आता फिरत नाही, हलतोय! पण सरळ येत नाही, उजवीकडे पळतो. टाकीत बघितलं, प्रत्येक वेळी उजवीकडेच. आणि फेकताना अजून पीळ पडतोच.

खाजणकाठ

आधी ल्यूर तोंडासमोर धरून लिप सरळ बसलीये का बघ, जरा कललेली असेल तर गरम पाण्यात बुडवून बोटाने सरळ कर, बाटलीचं प्लास्टिक गरम पाण्याने मऊ होतं, फार उकळतं नको, आकसतं. लिप सरळ असून उजवीकडे पळत असेल तर लाइन बांधायचा डोळा डावीकडे किंचित वाकवायचा, डोळ्याला दिसेल न दिसेल एवढाच. गळाचा डोळा कडक असतो, वाकवायला गेलं की तुटतो, म्हणून मी हल्ली डोळ्याच्या वर अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलच्या तारेचा वेगळा छोटा फासा बांधतो, तो पकडीने हवा तसा वाकतो.

टाकी लांबीला पुरते का? ट्यूनिंगला कमीत कमी चार-पाच फूट सरळ ओढता आलं पाहिजे, सोसायटीचा पोहण्याचा तलाव किंवा गावाकडचा हौद उत्तम. दोन वेगांनी बघायचं, एकदा हळू आणि एकदा झटका देऊन. हळू सरळ येतो आणि झटक्याला कलंडतो असं झालं तर लिप अजून जरा मोठीच आहे.

पिळाचं असं की हवेत लिप पंख्यासारखी फिरणारच, पूर्ण बंद होत नाही. लीडर आखूड आणि जाड ठेव, दोन मीटर पुरे, शेवटी ४० पौंडाचा तुकडा, जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते ती बारीक तंगूस कापते. लूप नॉट (सैल फासा ठेवणारी गाठ) मारायची, गच्च गाठ मारली की तोंड अडकतं आणि अर्धी वळवळ जाते. कास्ट मागे बाजूने आणि पुढे वरून, एकसलग गोलाकार, म्हणजे मधे झटका बसत नाही.

लेकाकाठी_मिनेसोटा

यात एक भर घालतो, लाइनबद्दल कोणी बोललं नाही. फ्लोटिंग (तरंगणाऱ्या) लाइनवर हा ल्यूर जातो खाली पण लाइन त्याला सारखी वर ओढत असते. इंटरमीडिएट (हळू बुडणारी) किंवा सिंकिंग (बुडणारी) लाइन लावली तर लाइन खाली, ल्यूर तरंगायला बघतोय, ओढलं की लाइनच्या दिशेने खाली डुबकी, थांबलं की वर. लिप छोटी असली तरी खोली मिळते. आणि रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी आळीपाळीने लाइन ओढून बघा, ओढ तुटत नाही, वळवळ सलग राहते. मासा लागला की रॉड उचलायची नाही, तशीच लाइन ओढायची.

सुईदोरा_ठाणे

लिपसाठी अजून एक, जुन्या सीडी. पॉलिकार्बोनेट असतं, १.२ मिमी जाड, बाटलीपेक्षा खूप ताठ. वरचा चांदीचा थर चिकटपट्टी लावून ओरबाडला की निघतो. थंड असताना कातरीने कापली तर तडकते, गरम पाण्यात ठेवून मग कापा, कडा कानसने घासा. सीडी दुमडता येत नाही त्यामुळे तिला जीभ काढून बांधण्यापेक्षा भेंडात तिरकी खाच पाडून अरल्डाइटने बसवलेली बरी. छोट्या ल्यूरला बाटली, मोठ्याला सीडी असं मी करते.

शेपटीला गावठी कोंबड्याच्या मानेची दोन बारीक पिसं, अंगाच्या अर्ध्या लांबीचीच. लांब पिसं बांधली की ती मागून धरून ठेवतात आणि ल्यूर हलत नाही. बोकडाचे केस पण छान, पाण्यात फुगत नाहीत.

मुळाकाठ

डोळा नाही वाकवला, लिपच कलली होती, गरम पाण्याने सरळ झाली. धन्यवाद दादा! आता पुण्याकडे कुठे वापरू? महसीर मारेल का यावर? की मरळ?

तंगूस_मालवण

महसीर मारतो, पण तुमच्या भागातला तो मासा जपायचा आहे. महसीरची टोर खुद्री ही जात मुळा-मुठेतल्या माशावरूनच १८३९ मध्ये साइक्स साहेबाने नोंदवली, आणि आज त्याच नद्यांत तो शोधावा लागतो. लोणावळ्याला वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार करतात ती काही उगाच नाही. लागला तर पाण्यातच गळ काढून सोडायचा. आणि देवाच्या डोहात गळ टाकायचाच नाही, देहू असो की महाडकडची वाळणकोंड, तिथले मासे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेत.

मरळ खुशाल गरव, पण पावसाळ्यात लाल पिल्लांचा घोळका वर दिसला तर सोडून द्यायचा, आईबाप राखण करत असतात, ते गेले की पिल्लं गेली.

खाजणकाठ

काकांच्या बोलण्याला जोडून, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, सोडायला सोपं जातं. जिताड्याचं पण तेच, तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे सगळ्यात मोठा जिताडा ही जवळजवळ नक्की अंडी घालणारी मादी. मी मोठे सोडतो, खायला मधले पुरतात.

आणि वाशिष्ठीत कंबरभर पाण्यात उतरून फ्लाय टाकायचा कोणाचा बेत असेल तर नको, तिथे मगरी आहेत, होडीतून नाहीतर काठावर मागे उभं राहूनच.

@मुळाकाठ, मरळीसाठी तळ्यात शेवाळ असेल तर लिपवाला नको, लिप गवत गोळा करते. तिरक्या तोंडाचा फोमवाला कर, आणि गळाच्या वाकापासून डोळ्यापर्यंत जाड तंगूसाचा फासा बांध, गवत अडकत नाही. अंग ४ सेंमी, गळ २ नंबर, रंग वरून काळा, पोटाकडे पिवळट. केलास की फोटो टाक, बाजूने आणि समोरून दोन्ही, कोन बघून सांगतो.